आजीचा पगार वाढला की घरात काय काय हलतं?

आपल्या रेडिओवरच्या या गप्पांमध्ये आज आम्ही एक असा विषय घेऊन आलो आहोत, जो बचत गटाच्या बैठकीत निघतो पण नीट बोलला जात नाही. म्हाताऱ्या माणसांची पेन्शन. कुणी तिला निराधारचे पैसे म्हणतं, कुणी श्रावणबाळचे, आणि बऱ्याच गावांत तिचं सरळ नाव 'आजीचा पगार' असं आहे.

ही पेन्शन वाढली की आपण काय म्हणतो? बरं झालं, म्हातारीच्या औषधपाण्याची सोय झाली. ते खरंच आहे. पण पैसा घरात आला की तो एका माणसापाशी थांबत नाही. तो आला की कामाला कोण जातं, घरी कोण राहतं, पोरं कुणाजवळ झोपतात, सून कुठल्या गावाला असते, हे सगळं थोडं थोडं हलतं. हे कसं हलतं, ते आज आम्ही सांगणार आहोत. त्यासाठी आधी थोडं लांब जाऊ आणि मग आपल्या गावात परत येऊ.

दक्षिण आफ्रिकेतल्या आज्या

पेन्शन वाढल्यावर घरात काय घडतं, याचा फार बारकाईने अभ्यास दक्षिण आफ्रिकेत झाला आहे. तिथे म्हातारपणाची सरकारी पेन्शन १९२८ साली सुरू झाली, पण ती गोऱ्यांना आणि मिश्रवंशीय लोकांना. काळ्या लोकांना ती १९४४ साली मिळू लागली, आणि तीही खूप कमी रकमेची. म्हातारपण सगळ्यांना सारखंच येतं, पण रंग बघून रक्कम ठरायची. वर्णभेदाची राजवट संपत आली तसा हा फरक कमी करत नेला, आणि १९९३ पर्यंत सगळ्यांना सारखी पेन्शन झाली.

म्हणजे काळ्या कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात थोड्या वर्षांत मोठी वाढ आली. किती मोठी? १९९३ मध्ये महिन्याला ३७० रँड. रँड हे तिथलं चलन. त्या वेळी काळ्या कुटुंबात माणशी जे मधलं उत्पन्न पडायचं, त्याच्या जवळजवळ दुप्पट ही रक्कम होती. खेड्यापाड्यात पेन्शन वाटायला गाडी यायची, अंगठ्याचा ठसा जुळला की रोख पैसे मिळायचे. बायकांना ही पेन्शन ६० व्या वर्षी मिळायची आणि पुरुषांना ६५ व्या. पुढे २०१० पर्यंत पुरुषांचंही वय ६० वर आणलं गेलं.

हा वयाचा नियम अभ्यास करणाऱ्यांच्या फार उपयोगी पडला. समजा एका घरात ५९ वर्षांची आजी आहे आणि शेजारच्या घरात ६१ वर्षांची. दोघींची गरिबी सारखी, शेत सारखं, नातवंडं सारखी. फरक एवढाच की एकीला पेन्शन लागली आहे आणि दुसरीला अजून लागायची आहे. अशी पुष्कळ घरं शेजारी शेजारी ठेवून बघितली, तर जो फरक दिसेल तो बहुतेक पेन्शनचाच असणार.

नातीच्या अंगावर दिसलेली पेन्शन

पहिली गोष्ट लेकरांची. ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या एस्थर डुफ्लो यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या लहान मुलांची उंची आणि वजनं तपासली. आजीला पेन्शन मिळते त्या घरातल्या नातींची तब्येत सुधारलेली दिसली. उंचीच्या मानाने वजन भरलं होतं. पण पेन्शन आजोबांच्या नावावर येत असेल, तर तसा फरक दिसला नाही.

पैसे तेवढेच, घरही तसंच, फक्त ते कुणाच्या हातात पडतात एवढाच फरक. आपल्याला यात नवल वाटणार नाही. बचत गट उभे करताना आपण हेच तर सांगत आलो. पण आपण सांगत होतो ते तिथे काट्यावर तोलून दिसलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अशीच गोष्ट ब्राझीलची. तिथे शेतावर राबणाऱ्या माणसांना पूर्वी पेन्शन होती, पण घरातल्या एकालाच, म्हणजे कुटुंबप्रमुखाला. बाई जन्मभर शेतात वाकली तरी कागदावर ती प्रमुख नव्हती. १९८८ ची राज्यघटना आणि त्यानंतरचा १९९१ चा कायदा यांनी हे बदललं. वय पुरुषांसाठी ६० आणि बायकांसाठी ५५ वर आलं. निदान रक्कम किमान वेतनाच्या निम्मी होती, ती पूर्ण किमान वेतनाएवढी झाली. आणि बाईला स्वतःच्या कष्टावर, स्वतःच्या नावाने पेन्शन मिळू लागली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की अशा घरांतल्या १० ते १४ वर्षांच्या ज्या मुली शाळेबाहेर राहत होत्या, त्यांचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटलं. मुलींचं कामाला जाणंही कमी झालं, पण पेन्शन घरातल्या म्हाताऱ्या बाईला मिळत असेल तेव्हाच. मुलग्यांच्या बाबतीत फारसा फरक नव्हता.

पेन्शनमुळे तरणी माणसं आळशी होतात का?

आता अवघड प्रश्न. आपल्याकडे पारावर बसलेली मंडळी म्हणतात, 'म्हातारीला पैसे मिळायला लागले, आता पोरगं कशाला कामाला जातंय?' दक्षिण आफ्रिकेतही हा प्रश्न निघाला. १९९३ च्या पाहणीवरून काही अभ्यासकांनी दाखवलं की तीन पिढ्या एकत्र राहतात अशा घरात आजी-आजोबांना पेन्शन लागली की घरातल्या कर्त्या पुरुषांचे कामाचे तास कमी होतात. पेन्शन आजीची असेल तर जास्तच कमी होतात. आणि थोरला मुलगा धाकट्यांपेक्षा जास्त सुटतो. सुनांचं आणि लेकींचं काम मात्र तसं कमी झालं नाही.

आजीकडून पैसे काढणं सोपं असतं, हा त्यातला एक अर्थ. ते आपल्या ओळखीचं आहे. पगाराच्या दिवशी बँकेपर्यंत आजीला गाडीवर सोडायला येणारा नातू, आणि परतताना आजीच्या पिशवीत उरलेली चिल्लर, हे आपण बघतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी विचारलं, तुम्ही मोजलं कुणाला? पाहणीच्या दिवशी घरात जे राहत होते त्यांनाच ना? जे कामासाठी शहरात, खाणीत, मळ्यावर गेले होते, ते तर मोजलेच नाहीत. त्यांना कुटुंबात धरलं तेव्हा चित्र पालटलं. क्वाझुलू-नाताल प्रांतात उमखन्याकुडे नावाचा एक गरीब ग्रामीण जिल्हा आहे. तिथे तीच तीच घरं काही वर्षांनी पुन्हा तपासली. तेव्हा दिसलं की घरात पेन्शन सुरू झाल्यावर कर्त्या माणसांचं कामाला लागणं वाढलं, आणि ते मुख्यतः बाहेरगावी जाऊन.

हे कसं होतं, ते नीट समजून घेऊ. बाहेरगावी काम शोधायला जायचं तर गाडीभाडं लागतं. पहिला महिना पगार नसतो, तोवर खायला लागतं, खोलीचं भाडं लागतं. ज्या घरात संध्याकाळची चूल कशीबशी पेटते, त्या घरातलं माणूस हा धोका पत्करू शकत नाही. आजीची पेन्शन आली की एवढा आधार मिळतो. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तरणी बाई कामाला जाणार तर तिची लेकरं सांभाळणार कोण? घरात आजी आहे, आणि आजीच्या हातात दर महिन्याला पैसा आहे, म्हणून ती नातवंडांना दूध, वही, गोळ्या घेऊ शकते. म्हणून आई बाहेर पडू शकते.

आणि खरोखर तसंच दिसलं. आजीला पेन्शन लागण्याच्या वयाला घरात कोण कोण आहे हे तपासलं, तेव्हा त्या वयाला घरातल्या कामाच्या वयाच्या बायका कमी झाल्या, आणि पाच वर्षांखालची लेकरं आणि अगदी तरुण पोरी वाढल्या. म्हणजे मोठी सून किंवा मोठी लेक कामाला गावाबाहेर गेली, पोरं आजीकडे आली, आणि त्यांना बघायला एखादी तरुण पोरगी राहिली. पेन्शनने आजीला एकटी केली नाही. पेन्शनने आजीचं घर भरलं.

आता यात आजीचा फायदा झाला की तिच्यावर काम पडलं? दोन्ही. पैसा तिचा, मान तिचा, पण ६५ व्या वर्षी रात्री तापाने फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसायचं तेही तिनेच. हा हिशोब कुठल्या तक्त्यात येत नाही. तो आपण मांडायचा.

जिथे पेन्शनने घरं वेगळी झाली

सगळीकडे असंच होतं असं मात्र नाही. अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि १९४० पासून म्हाताऱ्यांना दर महिन्याची पेन्शन सुरू झाली. पुढच्या दशकांत ती बरीच वाढली. १९४० साली ६५ वर्षांवरच्या विधवांपैकी सुमारे ५९ टक्के आपल्या मोठ्या मुलांजवळ राहत होत्या. १९९० साली हे प्रमाण २० टक्क्यांवर आलं. एकट्या राहणाऱ्या विधवा १८ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेल्या. हा बदल का झाला, हे शोधणाऱ्यांना सगळ्यांत मोठं कारण वाढलेलं उत्पन्न हे दिसलं, त्यातही पेन्शनची वाढ. जवळजवळ निम्मा बदल त्यानेच झाला.

हे ऐकून आपल्याला वाटेल, अरेरे, म्हाताऱ्या बायांना पोरांनी टाकलं. पण उलटं बघा. ज्या बाईला स्वतःची चूल वेगळी मांडायची होती, तिला ती मांडता आली. पोराच्या घरी राहायचं की नाही, हे तिच्या मर्जीवर आलं. आधी ती मुलांजवळ राहायची ते सगळंच प्रेमापोटी होतं का? की दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून? एकत्र राहणं आणि जवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे.

मग एके ठिकाणी पेन्शनने घर भरलं आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळं केलं, असं का? अमेरिकेत वाढलेली पेन्शन एका माणसाच्या भाड्याला, जेवणाला पुरू लागली, आणि मुलांना तिच्या पैशाची गरज राहिली नव्हती. दक्षिण आफ्रिकेतल्या गावात पेन्शन हाच पुष्कळ घरांचा एकमेव ठरलेल्या तारखेचा पैसा होता, म्हणून घर त्या पैशाभोवती गोळा झालं. पैसा किती आहे आणि बाकीच्यांची गरज किती आहे, या दोन गोष्टींवर घराची मांडणी ठरते.

आता आपल्या गावात येऊ

आपल्याकडे केंद्र सरकारची वृद्धापकाळ पेन्शन १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, महिन्याला ७५ रुपये. पुढे ती २०० रुपये झाली. २००७ मध्ये तिला इंदिरा गांधींचं नाव दिलं आणि दारिद्र्यरेषेखालच्या सगळ्या वृद्धांसाठी ती खुली केली. २०११ मध्ये वय ६५ वरून ६० केलं आणि ८० वर्षांवरच्यांना ५०० रुपये केले. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला मात्र केंद्राचे तेच २०० रुपये राहिले. त्या वेळच्या २०० रुपयांत काय यायचं आणि आज काय येतं, हे आम्ही सांगायची गरज नाही. किराणा आपणच आणतो.

महाराष्ट्रात राज्य सरकार त्यात आपले पैसे घालतं. श्रावणबाळ योजना ६५ वर्षांवरच्यांसाठी, आणि संजय गांधी निराधार योजना विधवा, परित्यक्ता, दिव्यांग आणि इतर निराधारांसाठी. या दोन्हींची रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १००० झाली आणि जुलै २०२३ मध्ये १५००.

या १५०० रुपयांचं वजन किती? २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे १५०० रुपये म्हणजे जेमतेम पाच दिवसांची मजुरी. दक्षिण आफ्रिकेतल्या पेन्शनने घरातली माणसं इकडची तिकडे केली, कारण ती रक्कम मोठी होती. पाच दिवसांच्या मजुरीवर कुणी वेगळी चूल मांडू शकत नाही, आणि कुणी म्हातारपणी खुरपं खाली ठेवू शकत नाही. केंद्राच्या पेन्शनची वाढ आणि विस्तार झाल्यावर देशभरच्या आकड्यांचा एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की कमी शिकलेल्या वयस्क पुरुषांचं काम थोडं कमी झालं, पण तशाच बायकांचं अजिबात कमी झालं नाही. घराने ते पैसे जास्त करून औषधपाणी आणि शिक्षणावर खर्च केले. आजीच्या कामाला निवृत्ती कधी लागली होती?

तरी पाच दिवसांची मजुरी म्हणून ती हलकी समजू नका. ती ठरावीक असते, हेच तिचं बळ. पाऊस पडो न पडो, मुकादम येवो न येवो, ती येते. दुकानदार आजीला उधार देतो ते त्यामुळेच. आणि आपल्याकडे तिचा एक मोठा उपयोग ऊसतोडीच्या भागात दिसू शकतो. बीडकडून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हंगामात जोडपी कोयता घेऊन निघतात. घरी आजी असेल, आणि तिच्या हातात चार पैसे असतील, तर लेकरं तिच्याजवळ राहून गावच्या शाळेत जातात. नसेल, तर लेकरं फडात जातात आणि शाळा सुटते. म्हणून आजीची पेन्शन वेळेवर येणं हा नुसता आजीचा प्रश्न नाही. तो नातवंडांच्या हजेरीपटाचाही प्रश्न आहे.

एक नियम मात्र घर मोडायला लावतो. श्रावणबाळसाठी बरीच वर्षं कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये अशी धरली गेली आहे. ही मर्यादा बदलू शकते, म्हणून अर्ज करताना ताजा आकडा तहसीलमध्ये विचारून घ्या. पण २१,००० चा हिशोब करून बघा. रोजगार हमीच्या २९७ रुपयांनी एका माणसाने ७१ दिवस काम केलं की ही मर्यादा ओलांडली जाते. बाकीचे २९४ दिवस त्याने हात बांधून बसायचं? मग काय होतं, तर कागदावर घरं वेगळी होतात. रेशनकार्ड फोडलं जातं. आजी एका कार्डावर, लेक दुसऱ्या कार्डावर, आणि जेवतात एकाच ताटात. क्वचित कागदावरचं वेगळेपण खरं होतं आणि आजी ओसरीवर येते. सरकार म्हाताऱ्या माणसाला घरापासून तोडायला निघालेलं नसतं, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली ठेवली की परिणाम तोच होतो.

पेन्शन आली म्हणून लेकांची जबाबदारी सुटत नाही

हे अगदी पक्कं लक्षात ठेवा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. आईवडिलांना स्वतःचं भागवता येत नसेल तर ते मुलांकडे निर्वाहखर्च मागू शकतात. लेक आणि लेकी, दोघांकडेही. अर्ज प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. त्या कायद्यात महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत खर्च देण्याचा आदेश होऊ शकतो असं ठरवलं आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन मुलाच्या नावावर करून दिली असेल आणि तो सांभाळत नसेल, तर ती देणगी रद्द करून मागता येते. त्यासाठी ती अट कागदात लिहिलेली असणं फार महत्त्वाचं. म्हणून बक्षीसपत्रावर अंगठा उठवण्याआधी 'मला आजन्म सांभाळील' ही ओळ त्यात आहे का, हे कुणाकडून तरी वाचून घ्या. पेन्शनचे १५०० मिळतात म्हणून 'आता आईचं भागतंय' असं कुणी म्हणालं, तर हा कायदा आठवून द्या.

गटात काय करता येईल?

आम्हाला वाटतं, पुढच्या बैठकीत आपण चार गोष्टी कराव्यात.

पहिली, गावातल्या ६५ वर्षांवरच्या आणि एकट्या बायांची यादी करा. कुणाला पेन्शन आहे, कुणाला नाही, कुणाची बंद पडली आहे. पुष्कळदा ती हयातीचा दाखला न दिल्याने किंवा आधार खात्याला न जोडल्याने थांबते. अशा बाईबरोबर गटातली एक जण तलाठ्याकडे किंवा तहसीलमध्ये जाऊ शकते.

दुसरी, पासबुक आजीच्या पेटीत आहे की दुसऱ्याच्या खिशात, ते बघा. बँक मित्राकडे अंगठा लावला की किती काढले आणि किती शिल्लक राहिले, ते त्याने मोठ्याने वाचून सांगायलाच हवं. पावती मागा.

तिसरी, सुनांशी बोला. आपण कामाला जातो तेव्हा घरी राहणाऱ्या सासूचं काम हे काम आहे, हे मान्य करा. तिची पेन्शन पोरांवर खर्च होत असेल, तर तिच्या चष्म्याचे आणि दुखऱ्या गुडघ्याचे पैसे आधी बाजूला काढा.

चौथी, ग्रामसभेत हे दोन ठराव मांडा. उत्पन्नाची मर्यादा मजुरीच्या दराबरोबर वाढावी, आणि पेन्शनची रक्कम महागाईबरोबर वाढावी. नोकरदारांचा महागाई भत्ता वाढतो, मग जन्मभर शेतात राबलेल्या बाईचा का वाढू नये?

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी ठेवतो. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला उद्यापासून महिन्याला पाच दिवसांऐवजी पंधरा दिवसांच्या मजुरीएवढी पेन्शन मिळाली, तर तुमच्या घरात कोण कुठे राहील आणि कोण कामाला जाईल? सून बाहेर पडेल का? नात शाळेत टिकेल का? आणि मुख्य म्हणजे, आजीला काय हवं आहे, हे तिला कुणी विचारलं आहे का? बैठकीत आधी सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला बोलू द्या. बाकीच्यांनी ऐकायचं. मग आम्हाला कळवा, पुढच्या वेळी तुमच्या गावातलं बोलणं आपण रेडिओवर ऐकू.